तिन्ही नावं एकाच बाईची

आमच्या काळाचौकीच्या चाळीत मला सगळे ‘टीचर’ म्हणतात. मी आयुष्यात एक तास शिकवलेलं नाही. परळच्या एका शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं लेखनिक होते. दाखले लिहायचे, जनरल रजिस्टर सांभाळायचं आणि मुख्याध्यापक जे बोलले ते पालकांना पुन्हा मराठीत समजावून सांगायचं, एवढंच माझं काम. पण चाळीत एकदा नाव पडलं की पडलं. कोण कुणाला दुरुस्त करत बसणार? मीही ‘ओ’ देत राहिले. हे सांगायचं कारण, जिच्याबद्दल लिहायला बसले आहे तिचंही असंच झालं होतं. माझं हसण्यावारी गेलं, तिचं जिवावर बेतलं.

सुमा परब माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत ती मिरच्या भाजायची. उन्हाळ्यात लोक तिकडे वर्षाचा मसाला करून घ्यायला येतात. मिरच्या, धणे, खडा मसाला विकत घ्यायचा, तो भाजून घ्यायचा आणि मग डंकावर कुटायला द्यायचा. भाजणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांच्यात सुमा पहिल्या नंबरची. कढईत बघायचीसुद्धा नाही. तोंड गिऱ्हाइकाकडे, हात झाऱ्यावर आणि कान कढईत. “धणे बोलतत, टीचर. गप झाले की उतरवायचे,” असं ती मला सांगायची. संध्याकाळी ती जिना चढायला लागली की दुसऱ्या मजल्यावर आम्ही शिंकायला लागायचो, ती वर पोचायच्या आत. तिला स्वतःला मात्र कधी ठसका लागलेला मी पाहिला नाही.

दिवसभर डंकाच्या धडधडीत उभं राहून तिचा आवाज चढला होता तो कायमचा. हळू बोलणं तिला जमतच नसे. गुपित सांगायचं म्हणून ती माझ्या खोलीत येई, दार लोटून घेई आणि असं काही सांगे की खालच्या वाण्यालाही ऐकू जावं. चाळीत तिच्या घरचं काहीच लपून राहिलं नाही ते त्यामुळे. मूल झालं नाही तेही आम्हाला असंच कळलं. डॉक्टरकडून आली आणि दार लावून मला म्हणाली, “टीचर, आमच्या दोघांत दोष नाय म्हणतत. मग कोणात आसा?” मी चहा केला. तिने तो प्यायला आणि उठताना म्हणाली ते तिचं नेहमीचंच वाक्य होतं: “देवान केल्यान तर बरां, नायतर मी आसंय.” नळ गेला, लाइट गेली, मंडळाच्या महाप्रसादाला माणसं दुप्पट आली, काहीही होवो, तिचं हेच. आणि खरंच ती असायची हो. पदर खोचून उभी.

तिचा नवरा अनंत. वायरिंगची कामं करायचा, गणपतीत मंडळांची रोषणाई करायचा. काडीसारखा माणूस, बोलायला कंजूष आणि गोडाला हावरा. चहात तीन चमचे साखर, वर बशीत सांडलेली बोटाने चाटायची. विडी नाही, तंबाखू नाही, दारूच्या वासानेही तोंड फिरवायचा. बायकोला नावाने हाक म्हणून मारली नाही कधी. “ऐकलंस?” एवढंच. ती मजल्याच्या दुसऱ्या टोकाला असली तरी तिला ते बरोबर ऐकू यायचं.

आता तिच्या नावाची गोष्ट. ती तिनेच मला ओरडून ओरडून आणि पोट धरून हसत किमान दहा वेळा सांगितली असेल. माहेरची ती शेवंती शांताराम घाडी. लग्नात नवरा ताटातल्या तांदळांत अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो, ती आपली रीत. सासूने नाव ठरवलं होतं सुप्रिया. अनंतला आठवडाभर घोकायला लावलं होतं. पण ऐन वेळी ताट आलं लहान, हात लागला थरथरायला. ‘सु’ काढला आणि ‘प्रि’ला तांदूळ विस्कटले. पुन्हा काढला, पुन्हा विस्कटले. मागे फोटोग्राफर घाई करतोय, भटजी दुसऱ्या लग्नाला जायचंय म्हणून घड्याळ बघताहेत. अनंतने काय केलं, ‘सु’पुढे घाईघाईने ‘मा’ काढलं आणि हात मागे घेतला. झालं! टाळ्या पडल्या, फोटो निघाला, पेढे वाटले. सासू चार दिवस मुलाशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिने रेशनिंग ऑफिसात जाऊन रेशनकार्डावर सुनेचं नाव घातलं ते सुप्रियाच. पुढे आमच्या चाळीत आधारकार्डाचा कॅम्प लागला तेव्हा तिथल्या मुलाने नाव विचारलं आणि ही म्हणाली, सुमा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर होती शेवंती. एका बाईची तीन नावं, तीन कागदांवर. “माझां नाव म्हणजे स्पेलिंग मिस्टेक आसा, टीचर!” असं म्हणून ती हसायची आणि मीही हसायचे.

मी हसायला नको होतं. एकतीस वर्षं मी हेच तर करत होते. नाव जुळत नाही म्हणून किती आयांना मी खिडकीतून परत पाठवलं असेल. “गॅझेट करून आणा, मग या,” हे मी मान वर न करता म्हणत असे. शेजारच्या खोलीत तीन नावांची बाई राहतेय, तिला एकदा तरी सांगायचं होतं की बाई गं, एवढं सरळ करून घे. नाही सांगितलं. कुणाला कशाला लागणार आहे, असं वाटलं.

दुसरं हसणं मेडिक्लेमचं. तीन-चार वर्षांपूर्वी एक एजंट चाळीत फिरत होता. परबांच्या कॉटवर बसून त्याने कागद पसरले आणि म्हणाला, “समजा, उद्या काका आजारी पडले...” बस! सुमा उठली. “पडले? कोण पडले? तुझ्या जिभेक काय हाड?” मनातला आजार तोंडातून काढला म्हणजे त्याला आवतण दिलं, हे तिचं पक्कं गणित. तो बिचारा चप्पल हातात घेऊन पळाला. मग तिने सुक्या मिरच्या आणि मोहरी घेऊन अनंतची दृष्ट काढली आणि शेगडीत टाकली. मिरच्यांचा ठसका उठला नाही म्हणजे दृष्ट लागली होती म्हणे. “बघा, टीचर, एक शिंक नाय!” ती विजयी मुद्रेने म्हणाली. सगळा मजला हसला. सगळ्यात मोठ्याने मी.

गेल्या वर्षी अनंतचं पोट सुटायला लागलं. हातपाय तेच काडीसारखे, पोट मात्र पुढे. सुमाला कोण आनंद! “शेवटी माझ्या हातचां अंगाक लागला,” म्हणून ती गॅलरीत सगळ्यांना दाखवायची. मी पण म्हटलं, वा अनंतभाऊ, सुखवस्तू दिसायला लागलात. तो लाजला. पायावर सूज आली तर म्हणाला, शिडीवर उभं राहून राहून आली असेल. पोटात पाणी साठत होतं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. एका सकाळी मोरीत दात घासता घासता त्याने भडभडून रक्ताची उलटी केली. सुमाची किंकाळी ऐकून मी धावले. तांब्या, बादली, भिंत, सगळं लाल. ती त्याचं डोकं छातीशी धरून बसली होती.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने दोन दिवसांनी आम्हाला बाजूला बोलावलं. लिव्हर निकामी होत आलंय, सिरॉसिस आहे. रोज किती घ्यायचे? सुमाला प्रश्न कळला आणि ती उसळली. सगळ्या वॉर्डने ऐकलं. “दारू? ह्यांनी? डॉक्टर, ह्यांनी कधी होळीक भांगसुद्धा घेतली नाय!” डॉक्टर बरा होता. शांतपणे म्हणाला की दारू न पिताही होतं, जुनी साखर असते, चरबी असते, वर्षानुवर्षं कळत नाही. पण चाळीत कुणी ऐकायला तयार नाही. लिव्हर गेलं म्हणजे पीतच असणार, चोरून पीत असणार. बायका तोंडावर हळहळायच्या आणि पाठीमागे हेच बोलायच्या. सुमाने एक दिवस मजल्याच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना शिव्या घातल्या. मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टर म्हणाला होता, औषधांनी थोडे दिवस निघतील, पण खरा उपाय एकच, यकृताचं प्रत्यारोपण. बाहेर बाकावर बसल्यावर तिने मला विचारलं, “यकृत म्हणजे काय वो?” मी म्हटलं, काळीज. तिने छातीवर हात ठेवला. “नाही गं, ते हृदय. हे काळीज म्हणजे कलेजी. खाटकाकडे मिळते ती.” ती विचारात पडली. जिवंत माणसाच्या काळजाचा तुकडा काढून दुसऱ्याला लावतात, आणि दोघांचंही पुन्हा वाढतं, हे मी डॉक्टरकडून ऐकलं तसं तिला सांगितलं. “पुन्हा वाढता?” तिने तीनदा विचारलं. मग उठून थेट डॉक्टरच्या खोलीत गेली आणि दारातूनच ओरडली, “माझां घेवा!”

तिच्या तपासण्या झाल्या. रक्त, सोनोग्राफी, काय काय. वय एकोणपन्नास, अंगाने सडसडीत, रक्तगट जुळणारा. निकाल कळला तेव्हा ती जिन्यातूनच ओरडत वर आली. “जुळला, टीचर! पत्रिकेत आमचे गुण नाय जुळले होते, आता काळीज जुळला!” त्या दिवशी तिने घरी शिरा केला. अनंतला गोड बंद, मिठाशिवायचं जेवण. त्याच्या वाट्याचा शिरा तिने मला दिला.

पैशाचं मी इथे लिहीत नाही. विमा नसलेल्या घरात ती कहाणी सगळीकडे सारखीच असते आणि मला ती उगाळायची नाही. सरकारी योजना होती, ट्रस्ट होते, मंडळाची पोरं होती. त्यातून काहीतरी उभं राहिलं असतं. आम्ही अडकलो ते दुसऱ्याच ठिकाणी.

हॉस्पिटलातली सोशल वर्कर मुलगी चांगली होती. तिने समजावून सांगितलं की कुणी पैसे देऊन गरिबाचं लिव्हर विकत घेऊ नये म्हणून कायदा कडक आहे. देणारी बाई खरंच पेशंटची बायको आहे, हे कागदाने सिद्ध करावं लागतं. मग एक समिती दोघांना प्रश्न विचारते आणि परवानगी देते. “मॅरेज सर्टिफिकेट?” तिने विचारलं. तीस वर्षांपूर्वी मांडव घालून लागलेल्या लग्नाची नोंद कोण करतंय! लग्नपत्रिका होती, त्यावर चि. सौ. कां. शेवंती. आधारकार्डावर सुमा. योजनेसाठी रेशनकार्ड, त्यावर सुप्रिया. मुलीने तिन्ही कागद टेबलावर मांडले, आणि चेहरा पडला तिचा. “मावशी, ह्या तीन वेगळ्या बायका आहेत.”

“तिनय मीच!” सुमा ओरडली.

“मला कळतंय हो. पण कागदाला कसं कळणार? मूल असतं तर सोपं होतं. जन्मदाखल्यावर आईबापांचं नाव असतं...” बोलून गेल्यावर त्या मुलीने जीभ चावली. सुमा नुसती आपल्या पर्सची चेन उघडत आणि बंद करत राहिली.

लग्नाचा अल्बम आणला. फोटोत नवरी मुंडावळ्यांच्या आड, मान छातीत घातलेली. कुणीही असू शकते. एक फोटो तेवढा लख्ख होता, तांदळाच्या ताटाचा, त्यात वाकडंतिकडं ‘सुमा’ स्पष्ट वाचता येत होतं. मुलगी म्हणाली, फाइलला लावूया, पण एवढ्यावर भागणार नाही. आधी गॅझेटमध्ये नावबदल, मग वॉर्ड ऑफिसात लग्नाची नोंदणी, मग समिती. किती दिवस? तिने आकडा सांगितला नाही. “लवकर करा, मावशी,” एवढंच म्हणाली.

आणि मग सुरू झाली ती धावपळ. सुमा सकाळी त्याला भरवून निघायची. शिवडी कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्याकडे प्रतिज्ञापत्र केलं. ‘वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून ती व्यक्ती मीच आहे’ असं त्याच्यात होतं. ते वाक्य तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. भावाने गावच्या शाळेतून दाखला पाठवला, त्यावर शांतारामचं ‘शांताराव’ झालेलं. पुन्हा परत. लग्न लावणारे भटजी वारले होते. त्यांच्या मुलाला शोधायला ती नायगावला तीनदा गेली. इथे मी होते तिच्याबरोबर, एकतीस वर्षं खिडकीच्या आत बसलेली बाई, आता खिडकीच्या बाहेर. एका कारकुनाने मान वर न करता म्हटलं, “गॅझेट करून आणा, मग या.” माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं.

इकडे अनंत घसरत होता. दर काही दिवसांनी पोटातलं पाणी काढायचं, पुन्हा भरायचं. रक्तातली घाण डोक्यात चढली की तो भलतंच करायचा. शर्टाची बटणं उलटी लावायचा, वॉर्डातल्या स्विचबोर्डाकडे बघून “अर्थिंग नाय हेका” म्हणून उठायला जायचा. सिरपचे डोस दिले की पुन्हा शुद्धीवर. मग गप्प पडून छताकडे बघत राहायचा. सुमा त्याला सांगायची की झाला हां, दोनच कागद रवले. तो मान हलवायचा.

गॅझेट आलं त्या दिवशी तिने ते पान देवापुढे ठेवलं. लग्नाच्या नोंदणीसाठी अनंतला वॉर्ड ऑफिसात न्यायचं होतं. मंडळाच्या पोरांनी त्याला खुर्चीत बसवून टॅक्सीत घातलं, तिथे जिन्यावरून उचललं. रजिस्टरमध्ये सही करताना त्याचा हात इतका थरथरत होता की सुमाने मनगट धरलं. तीस वर्षांनी दुसऱ्यांदा लग्न लागलं, असं म्हणून ती हसली. तिथली माणसंही हसली. अनंत हसला नाही.

समितीपुढे आमचा नंबर मंगळवारी लागला. साक्षीदार म्हणून मी आत होते. तीन जण टेबलामागे, बाजूला कॅमेरा. सुमा इस्त्रीची साडी नेसून आली होती, मांडीवर फाइल. आधी तिला विचारलं. तिने सगळी उत्तरं खणखणीत दिली, त्यातल्या बाई दोनदा म्हणाल्या, हळू बोललात तरी चालेल. मग अनंतकडे वळले. व्हीलचेअरमध्ये तो नीट बसला होता. त्या सकाळी डोकंही स्वच्छ होतं, मी बघितलं होतं.

“आज वार कोणता?”

“मंगळवार.”

“काम काय करता?”

“वायरिंग.”

“ह्या कोण?”

अनंतने सुमाकडे पाहिलं.

“शेजारीण.”

“नीट बघून सांगा, काका.”

“शेजारीण आमची. मसालो भाजता. चांगली बाई आसा.”

मग सुमा उठून ओरडायला लागली. डोक्यात चढलाय त्यांच्या, सिरप द्या कोणतरी, ओ, माझ्याकडे बघा, मी हंय, मी! तो खाली बघत राहिला. समितीतल्या डॉक्टरने त्याला उलटे आकडे म्हणायला लावले, शंभरातून सात सात वजा करत. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. एकही चुकला नाही. टेबलामागच्या बाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, नव्याने चौकशी करावी लागेल.

दुपारी सुमा त्या सोशल वर्करच्या हातापाया पडायला गेली तेव्हा मी त्याच्यापाशी होते. मी रागाने बोललेच. म्हटलं, अनंतभाऊ, तुम्हाला काही लाज? महिना झाला ती बाई भुईवर टेकली नाही. त्याने मला जवळ बसायची खूण केली. “टीचर, मी मेलंय तर ती मसालो भाजून जगतली. तिका कापताना ती मेली, तर मी एक दिवस जगूचंय नाय. मग माका तिचां काळीज लावून फायदो काय?” डॉक्टरांनी देणाऱ्यालाही धोका असतो म्हणून कागदावर सही घेतली होती. ते वाक्य याच्या मनात घर करून बसलं होतं. आणि साधा माणूस, त्याला सुचलं ते एवढंच.

मी सुमाला सांगितलं. सांगायला नको होतं का? मला आजही कळत नाही. मला वाटलं ती त्याला फाडून खाईल. ती कॉटपाशी गेली, वाकली, आणि इतक्या हळू बोलली की मला पुढे सरकून ऐकावं लागलं.

“माका शेजारीण केलात?”

तो रडायला लागला. ती नाही. दोन दिवस ती त्याच्याशी शब्द बोलली नाही. बिनमिठाची पेज भरवायची, कपडे बदलायची, पाय चेपायची, सगळं तोंड शिवून. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “ऐकलंस? येत्या खेपेक सांगतंय.” ती म्हणाली, “शपथ घेवा.” त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सोशल वर्करने रदबदली करून पुढच्या गुरुवारची तारीख मिळवली. सुमा मला म्हणाली, फक्त आठ दिवस, टीचर, आठ दिवस कायव नसतां.

शनिवारी त्याला ताप भरला. पोटातल्या पाण्यात संसर्ग झाला होता. सोमवारी आयसीयूत हलवलं. सुमा काचेबाहेर फाइल घेऊन उभी. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ती म्हणत होती, शपथ घेतली हा त्यांनी, आता ते सांगतले, तुमी आजच विचारा. कुणी थांबत होतं, कुणी नाही. एका वयस्क नर्सने तिला खुर्ची आणून दिली, ती बसली नाही. मी देवाला, भवानीला, गावच्या रवळनाथाला, सगळ्यांना नवस बोलले. मी, जी देवळाबाहेर चपला राखत उभी राहते, ती. बुधवारी दुपारी सव्वातीनला अनंत गेला.

त्याला गावी न्यायचं ठरलं, कणकवलीच्या अलीकडे. सुमा त्याच गाडीतून गेली आणि ती पुन्हा मुंबईला आली नाही. खोली तिच्या भावाने येऊन रिकामी केली. गावी फोन लावला तर ती बरी आहे म्हणतात, शेतावर जाते म्हणतात. फोनवर तीच येत नाही. तेव्हा मी तिला शेवटची पाहिली ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, देह ताब्यात देतात त्या खिडकीशी.

आतल्या माणसाने फॉर्म पुढे सरकवला. पेशंटचं नाव, वेळ, घेणाऱ्याचं नाव, नातं. तिने सावकाश लिहिलं. नात्याच्या रकान्यात तिने ‘बायको’ लिहिलं, मोठ्या अक्षरांत, रकान्याच्या बाहेर जाईल इतकं. त्याने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि म्हणाला, “मागच्या दाराशी गाडी लावा.”

ती हलली नाही. तिने पिशवीतून फाइल काढली. आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, प्रतिज्ञापत्र, गॅझेटचं पान, लग्नाचं सर्टिफिकेट, एकेक करून खिडकीच्या कट्ट्यावर मांडायला लागली.

“हे नको, बाई. हे लागत नाही.”

“बघा तरी,” सुमा म्हणाली.

“अहो, लागतच नाही इथे. कुणी विचारत नाही. घेऊन जा तुम्ही.”

मागे रांग होती. मी तिचा दंड धरला. तिने तो सोडवून घेतला आणि लग्नाचं सर्टिफिकेट जाळीला टेकवून धरलं, त्याच्या डोळ्यांसमोर.

“एकदा बघा तरी, साहेब.”